समुद्र आपला, भाव लुईझियानाचा

पाइप गॅसचं बिल बहुतेक जण न वाचता भरतात. दोन महिन्यांनी एकदा येतं, रक्कम हजार-बाराशेच्या घरात असते, ऑटो-पे लावलेलं असलं तर तेवढंही कळत नाही. २०२२ साली मात्र मुंबईतली माणसं हे बिल वाचायला लागली. १ एप्रिल २०२२ ला मुंबईत घरगुती पाइप गॅसचा दर होता युनिटला ३६ रुपये. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तोच दर झाला ५४ रुपये. मधल्या सात महिन्यांत तो सात वेळा बदलला, त्यात एकदा चक्क चार रुपयांनी खालीही आला आणि दीड महिन्यात परत होता तिथे गेला. दोन महिन्यांत तीस युनिट जाळणाऱ्या घराचं बिल १०८० वरून १६२० वर पोचलं. स्वयंपाक तोच, माणसं तेवढीच, चहा तितक्याच वेळा.

यावर सोसायट्यांच्या ग्रुपांवर साधारण तीन थिअऱ्या फिरत होत्या. एक, गॅस कंपनी लुटते आहे. दोन, युक्रेनचं युद्ध. तीन, सरकारचा टॅक्स. पैकी तिसरी तर सरळच बाद होते, कारण महाराष्ट्र सरकारने नैसर्गिक गॅसवरचा व्हॅट १ एप्रिल २०२२ पासून १३.५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला होता (वरचा ३६ चा आकडा त्या कपातीनंतरचाच आहे). उरलेल्या दोन्हीत थोडं थोडं तथ्य आहे, पण खरी गोष्ट त्याहून जुनी आणि माझ्या मते बरीच जास्त मजेशीर आहे. आमच्या धंद्यात प्रॉडक्शनवर काही विचित्र दिसलं की आम्ही आधी शिव्या देतो आणि मग ती ओळ कोणी, कधी, कशासाठी लिहिली ते शोधत मागे जातो. इथेही तेच करू या.

आधी किरकोळ कारणं निकालात काढतो. घरातलं मीटर फक्त घनमीटर मोजतं. बिलावरचं युनिट म्हणजे एससीएम, स्टँडर्ड क्युबिक मीटर, अर्थात १५ अंश सेल्सियस आणि नेहमीच्या हवेच्या दाबाला मोजलेला एक घनमीटर गॅस. रीडिंग घ्यायला माणूस आला आणि दार बंद असलं तर मागच्या सरासरीने बिल लागतं, आणि पुढच्या वेळी खरं रीडिंग मिळालं की फरक एकदम अंगावर येतो. २०२० च्या लॉकडाउनमध्ये मीटर बघायला कोणी फिरूच शकत नव्हतं, तेव्हा गावोगावी सरासरीची बिलं निघाली. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या मंडळींना थंडीचा हिशोब असतो, तिथे गॅसवर घर गरम होतं, जानेवारीचं बिल जुलैच्या कितीतरी पट येतं. आपल्याकडे तसं काही नाही. फार तर गॅसचा गीझर असेल तर डिसेंबरात थोडं वाढेल. म्हणजे मुंबई-पुण्यात वापर जवळजवळ सपाट रेषेत असतो आणि तरी बिल हलतं. मग हलतो तो भावच. तर आता भाव.

मुंबईत नळाने गॅस येणं ही काही नव्वदच्या दशकातली नवलाई नाही. बॉम्बे गॅस कंपनीने १८६५ साली शहरातल्या रस्त्यांवर गॅसचे दिवे पेटवले. हा गॅस जमिनीतून येत नव्हता, तो कोळसा भट्टीत भाजून बनवत. लालबागला आजही गॅस कंपनी गल्ली आहे, ती यामुळेच. दिव्यांसाठी आणलेला हा गॅस पुढे दक्षिण आणि मध्य मुंबईतल्या काही घरांच्या स्वयंपाकघरातही गेला. त्यात उष्णता नैसर्गिक गॅसच्या साधारण निम्मी, आणि कार्बन मोनॉक्साइड असल्यामुळे जीवघेणाही. पण आपल्या मुद्द्यापुरतं एवढं लक्षात ठेवायचं की त्याचा भाव समजायला सोपा होता: कोळशाचा खर्च, भट्टीचा खर्च, नळांचा खर्च आणि वर नफा. लालबागच्या गॅसची किंमत ठरवायला लालबागच्या बाहेर फार लांब पाहावं लागत नव्हतं.

मग आला १९७४ चा फेब्रुवारी. जपानमध्ये बांधलेल्या 'सागर सम्राट' या तरंगत्या रिगने मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात भोक पाडलं आणि तेल लागलं. बॉम्बे हाय. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. हे वर्ष लक्षात घ्या: १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर क्रूड चौपट झालं होतं, देशाकडे परकीय चलन नव्हतं, आणि घरच्या समुद्रात तेल सापडलं. आनंद तेलाचाच होता. तेलाबरोबर जो गॅस वर येतो त्याचं काय करायचं हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. तेल टँकरमध्ये भरता येतं, गॅसला नळ लागतो, आणि नळाच्या दुसऱ्या टोकाला गिऱ्हाईक लागतं. दोन्ही तयार नव्हतं म्हणून पहिली बरीच वर्षं तो गॅस समुद्रातच जाळून टाकत. रिगवर मशालीसारखी जळणारी ती ज्योत म्हणजे त्या काळातला फुकट गेलेला स्वयंपाक होता असं म्हणायला हरकत नाही.

पुढे समुद्राखालून उरणपर्यंत पाइपलाइन आली, आणि गिऱ्हाइकंही मिळाली. पण ती आपल्यासारखी नव्हेत. ट्रॉम्बे आणि थळचे खत कारखाने, उरणचं वीज केंद्र. वसईच्या समोरच्या समुद्रात दुसरं मोठं गॅसक्षेत्र मिळालं, त्याचा गॅस हजिऱ्याला नेऊन तिथून मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशकडे जाणारी लांबलचक पाइपलाइन टाकली गेली. त्यासाठीच १९८४ साली गेल ही सरकारी कंपनी स्थापन झाली. या सगळ्यात भाव सरकार ठरवायचं. विहिरीचा खर्च अधिक ठरावीक परतावा असा हिशोब, आणि त्यावर दिल्लीतल्या कोणाच्या तरी सहीचा शिक्का. खताला स्वस्त गॅस पाहिजे, कारण खत महागलं तर शेतकरी रागावतो. विजेला स्वस्त पाहिजे, कारण तेच. घरगुती गॅस त्या हिशोबात कुठेच नव्हता. घरासाठी लाल सिलिंडर होता आणि त्याची वेटिंग लिस्ट होती.

१९९५ साली महानगर गॅस स्थापन झाली. भागीदार तीन: गेल, ब्रिटिश गॅस आणि महाराष्ट्र शासन. रस्ते खणून नळ घालणं हे काम महागडं आणि वेळखाऊ. त्यात सुरुवातीचा जोर घरांपेक्षा टॅक्सीवर होता, कारण मुंबईच्या धुराबद्दल उच्च न्यायालयात खटला चालू होता आणि टॅक्स्या सीएनजीवर आणायच्या होत्या. तरी हळूहळू इमारतींच्या बाहेरून पिवळे पाइप चढायला लागले. ज्यांच्या घरी नव्वदच्या दशकात हा पाइप आला त्यांना आठवत असेल, नंबर लावून सिलिंडर मिळवणाऱ्या आयांना तो केवढा मोठा चमत्कार वाटला होता.

आता इथे दोन गोष्टी घडल्या, दोन्ही तेव्हा कोणाच्या लक्षात आल्या नाहीत.

पहिली अशी की १९९७ मध्ये सरकारने गॅसचा भाव फर्नेस ऑइलच्या आंतरराष्ट्रीय भावाशी जोडला. पूर्ण नाही, काही टक्के. आणि घाबरून दोन्ही बाजूंना कुंपण घातलं: हजार घनमीटरला २१५० रुपयांच्या खाली जाणार नाही, २८५० च्या वर जाणार नाही. म्हणजे युनिटला जास्तीत जास्त २ रुपये ८५ पैसे. दोन-तीन वर्षांत क्रूड वर गेलं, भाव २८५० च्या छताला जाऊन टेकला आणि तिथेच चिकटून बसला. २००५ मध्ये छत उचलून ३२०० केलं. आपल्या कोडमध्ये एखादं सुंदर गणित लिहावं आणि शेवटच्या ओळीत 'उत्तर काहीही आलं तरी १० च परत कर' असं टाकावं, तसला प्रकार. पण सामान्य गिऱ्हाइकाला तो मानवला, कारण त्या काळात बिल जवळजवळ हललंच नाही.

दुसरी गोष्ट, डॉलर. १९९४ मध्ये मुंबईच्या समोरचीच पन्ना, मुक्ता आणि ताप्ती ही क्षेत्रं ओएनजीसी, रिलायन्स आणि एन्रॉनच्या गटाला दिली गेली होती. हो, तोच एन्रॉन, दाभोळवाला. (दाभोळची वीज २००१ मध्ये बंद पडली, एन्रॉन त्याच वर्षी बुडाली, आणि तिचा या क्षेत्रातला वाटा २००२ साली ब्रिटिश गॅसने घेतला. महाराष्ट्राच्या गॅसच्या गोष्टीत कुठलाही धागा ओढा, दुसऱ्या टोकाला एन्रॉन सापडते.) परदेशी कंपन्या आल्या की करार डॉलरमध्ये होतात, आणि गॅसचा भाव 'एमएमबीटीयूला इतके डॉलर' असा बोलला जाऊ लागला. एमएमबीटीयू म्हणजे दहा लाख ब्रिटिश थर्मल युनिट, उष्णतेचं माप. आपल्या स्वयंपाकघराच्या भाषेत साधारण २५ एससीएम. हा २५ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळा हिशोब त्यावर आहे.

२०१० मध्ये ओएनजीसीच्या जुन्या क्षेत्रांच्या गॅसलाही डॉलरचा भाव लागला. हजार घनमीटरला ३२०० रुपये म्हणजे त्या वेळच्या हिशोबाने साधारण १.८ डॉलर होत होते, ते ४.२ डॉलर केले. युनिटला तीन रुपये वीस पैशांचा कच्चा गॅस एका रात्रीत साडेसात रुपयांच्या आसपास गेला. ४.२ हाच आकडा का? कारण कृष्णा-गोदावरी खोऱ्यात २००९ ला सुरू झालेल्या रिलायन्सच्या गॅसला सरकारने तोच भाव मंजूर केलेला होता. त्या भावावरून अंबानी बंधूंचं भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, ते सगळ्यांना आठवत असेलच, त्यात शिरत नाही.

४.२ हा आकडाही ठोकळाच. तेव्हा ठरलं की एकदा कायमचा फॉर्म्युला बसवायचा. सी. रंगराजन यांच्या समितीने २०१२ च्या डिसेंबरात अहवाल दिला. त्यांच्या सूत्रात जगातल्या मोठ्या बाजारांची सरासरी होती, त्यात भारताचा आणि जपानचा आयात होणारा द्रवरूप गॅसही होता, जो महाग असतो. त्या हिशोबाने भाव दुप्पट, ८ डॉलरच्या वर जात होता. २०१४ च्या निवडणुका तोंडावर होत्या, वाद झाले, अंमल लांबला. नव्या सरकारने ऑक्टोबर २०१४ मध्ये सूत्र बदललं. जपान काढला, आयातीचा भाव काढला. ठेवले चार: अमेरिकेचा हेन्री हब, ब्रिटनचा एनबीपी, कॅनडातला अल्बर्टा आणि रशियाचा देशांतर्गत भाव. त्या त्या भागात जितका गॅस खपतो तितकं त्याचं वजन. अर्थात सगळ्यात जड अमेरिका.

हेन्री हब हे काय प्रकरण आहे ते सांगायलाच हवं. लुईझियाना राज्यात इराथ नावाच्या छोट्या गावाजवळ बऱ्याच पाइपलाइनी एका ठिकाणी येऊन मिळतात. १९९० साली न्यूयॉर्कच्या एक्स्चेंजने गॅसचे वायदे सुरू केले तेव्हा माल कुठे द्यायचा ते ठिकाण ठरवायचं होतं, त्यांनी हे जंक्शन निवडलं. बस्स. तेव्हापासून अमेरिकेत गॅसचा भाव म्हणजे इथला भाव. एनबीपी तर त्याच्याही पुढचा. तो १९९६ पासूनचा आहे आणि नकाशावर कुठेच नाही. ब्रिटनच्या पाइपलाइन जाळ्यात कुठेही असलेला गॅस 'एनबीपीवर आहे' असं मानून खरेदी-विक्री होते. तर दादर, ठाणे आणि मुलुंडच्या शेगडीचा भाव आता या चार ठिकाणांवरून ठरणार होता. मुंबईच्या समुद्रातला गॅस उरणला येतो, तिथून आपल्या घरी. हा पूर्ण प्रवास दोनशे-अडीचशे किलोमीटरचा आहे. त्याला लुईझियानाचा काही संबंध नाही.

मग असं का केलं? मला सुरुवातीला हा निव्वळ वेडेपणा वाटायचा, पण दुसरी बाजूही आहे. खर्च अधिक नफा असा भाव दिला तर कंपनीला खर्च कमी करायचं कारण राहत नाही. सरकारच्या मर्जीने भाव दिला तर खोल समुद्रात हजारो कोटी घालून विहीर खणायला कोणी येत नाही, कारण दहा वर्षांनी काय भाव मिळेल याची खात्री नसते. बाजारभाव म्हणावा तर तेव्हा देशात गॅसचा खुला बाजारच नव्हता. म्हणून परक्या बाजाराचा आरसा आणून लावला. प्रॉब्लेम असा की ज्यांचा आरसा लावला ते बहुतेक गॅसने गच्च भरलेले देश होते आणि आपण अर्धा गॅस बाहेरून आणणारे.

अमेरिकेत नेमकं याच काळात शेल गॅसचं पीक आलं. २००८ च्या जूनमध्ये हेन्री हबचा महिन्याचा सरासरी भाव १२ डॉलरच्या वर होता, २०१२ च्या एप्रिलमध्ये २ डॉलरच्या खाली. आपण २०१४ ला त्या गाडीत बसलो आणि गाडी उतारावर होती. नोव्हेंबर २०१४ ला आपल्याकडे ५.०५ डॉलर, एप्रिल २०१६ ला ३.०६, पुढच्या एप्रिलला २.४८. मध्ये थोडा चढ, आणि ऑक्टोबर २०२० ला १.७९. म्हणजे युनिटला साधारण सव्वापाच रुपये. ओएनजीसी जाहीरपणे सांगत होती की यात आमचा उत्पादनखर्चही निघत नाही. गिऱ्हाइकांनी मात्र तक्रार केल्याचं माझ्या ऐकण्यात नाही :) उतारावर कोणी फॉर्म्युल्याची चौकशी करत नाही.

इथे सूत्रातला सगळ्यात महत्त्वाचा बारकावा येतो. भाव वर्षातून दोनदा बदलायचा, १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला. आणि तो काढताना मागच्या बारा महिन्यांची सरासरी घ्यायची, पण शेवटची तिमाही सोडून. म्हणजे एप्रिल २०२२ चा भाव जानेवारी ते डिसेंबर २०२१ च्या आकड्यांवरून निघाला. सरासरी काढल्यामुळे धक्के सौम्य होतात हे खरं, पण तेवढेच ते उशिरा येतात आणि लांबतात.

आता २०२१ मध्ये काय काय झालं ते बघा. फेब्रुवारीत टेक्सासमध्ये बर्फाचं वादळ आलं, विहिरी आणि पाइपलाइनी गोठल्या, हेन्री हबचा रोजचा भाव वीस डॉलरच्या पलीकडे गेला. युरोपात थंडी लांबली आणि साठवणीची कोठारं रिकामी झाली. कोविडनंतर आशियात मागणी एकदम उसळली आणि जहाजं तिकडे वळली. ऑगस्टच्या शेवटी आयडा चक्रीवादळाने मेक्सिकोच्या आखातातलं उत्पादन बंद पाडलं. युरोपातली रशियन कंपनीच्या ताब्यातली कोठारं भरली गेली नाहीत, हे संशयास्पद होतं आणि पुढे काय येणार त्याची ती चाहूल होती. डिसेंबरमध्ये ब्रिटनचा भाव न भूतो असा झाला. हे सगळं मुंबईत कोणाला जाणवलं नाही, कारण सूत्राच्या पोटात ते मुरत होतं. ऑक्टोबर २०२१ ला आपला भाव होता २.९०. १ एप्रिल २०२२ ला तो ६.१० झाला.

म्हणजे एप्रिल २०२२ च्या भाववाढीला युक्रेन युद्ध कारण नव्हतंच! रशियाने हल्ला केला २४ फेब्रुवारीला, आणि सूत्राचं खिडकीतून बाहेर बघणं ३१ डिसेंबरला थांबलं होतं. टीव्हीवर युद्ध दिसत होतं, त्याच आठवड्यांत दर वाढला, दोन्हीची सांगड घालणं साहजिक होतं. पण आपण भरत होतो ते टेक्सासच्या बर्फाचे आणि आधीच्या वर्षीच्या युरोपियन हिवाळ्याचे पैसे. युद्ध बिलात आलं ते ऑक्टोबरला, ८.५७ डॉलर होऊन.

हिशोब करून बघू. २.९० गुणिले ७५ रुपये भागिले २५, युनिटला ८ रुपये ७० पैसे. ६.१० डॉलर आणि ७६ रुपयांचा डॉलर धरला तर साडेअठरा. ८.५७ ला ८२ रुपयांनी गुणलं तर अठ्ठावीस. नुसत्या कच्च्या गॅसमध्ये वर्षात एकोणीस-वीस रुपयांची वाढ. आणि त्यात डॉलर स्वतः सात रुपयांनी महागला, तो वाटा वेगळाच. ५४ रुपयांच्या दरातून हे अठ्ठावीस वजा केले तर उरलं त्यात गेलच्या पाइपलाइनचं भाडं, शहरातल्या जाळ्याचा खर्च, टॅक्स आणि कंपनीचा नफा. 'कंपनी लुटते' म्हणणाऱ्यांना नफ्यावर चर्चा करायला जागा आहे, मीही करीन, पण वाढीचं मूळ तिथे सापडत नाही.

मग मधल्या जुलै-ऑगस्टच्या उड्या कसल्या? सूत्र तर सहा महिने स्थिर. ते मिसळीचं प्रकरण. २०१४ पासून धोरण असं आहे की घरगुती नळ आणि सीएनजीला देशातल्या स्वस्त गॅसमधून आधी वाटा द्यायचा. पण शहरं वाढत गेली, नवनव्या जिल्ह्यांना परवाने दिले गेले आणि वाटा पुरेना. तुटीचा भाग जहाजाने येणाऱ्या द्रवरूप गॅसने भरायचा. तो गॅस सरासरी-बिरासरी काही बघत नाही, त्या दिवसाचा जगाचा भाव सांगतो. २०२२ च्या उन्हाळ्यात युरोप मिळेल त्या किमतीला जहाजं ओढून घेत होता. मिश्रणात थोडा जरी तो गॅस पडला तरी चव बदलायची. जुलैत दर ४८.५० झाला, ऑगस्टच्या सुरुवातीला ५२.५०. मग दिल्लीने उद्योगांकडचा काही देशी गॅस काढून शहरांना दिला, आणि १७ ऑगस्टला दर परत ४८.५० वर आला. तो चार रुपयांचा चढ-उतार म्हणजे युद्धाची खरी, ताजी झळ. बाकी सगळी शिळी.

(सिलिंडरवाल्यांनी हसू नये. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १७-१८ एससीएमइतकी उष्णता असते, त्यावरून तुमची तुमची तुलना करून बघा. तिथे भाव कमी हलतो कारण हलायचा तो सरकारच्या किंवा तेल कंपन्यांच्या वहीत हलतो. २०१२ साली 'वर्षाला सहाच' अशी मर्यादा आली, मग नऊ, मग बारा, ती त्या वहीतल्याच खड्ड्यामुळे.)

सप्टेंबर २०२२ मध्ये किरीट पारीख यांची समिती बसली, आणि एप्रिल २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने २०१४ चं सूत्र मोडीत काढलं. हेन्री हब गेला, अल्बर्टा गेला, रशिया गेला. ८ एप्रिल २०२३ पासून ओएनजीसी आणि ऑइल इंडियाच्या जुन्या क्षेत्रांचा भाव म्हणजे भारत जे क्रूड घेतो त्याच्या सरासरी किमतीच्या १० टक्के, दर महिन्याला. आणि दोन्ही बाजूंना कुंपण: ४ डॉलरच्या खाली नाही, ६.५० च्या वर नाही. पहिल्याच महिन्यात सूत्राचं उत्तर आलं ७.९२, आणि लागला भाव ६.५०. मुंबईचा घरगुती दर ५४ वरून ४९ वर उतरला.

१९९७ आठवतंय ना? तेलाशी जोडलेला भाव, खाली जमीन, वर छत, आणि लगेच छताला टेकलेलं डोकं. पंचवीस वर्षं जगभर हिंडून आपण त्याच खोलीत परत आलो. फरक एवढाच की तेव्हा छत रुपयात होतं, आता डॉलरमध्ये आहे. त्यामुळे भाव छताला चिकटून असला तरी रुपया घसरला की बिल सरकतं. गॅस जीएसटीच्या बाहेर आहे, म्हणून राज्याचा व्हॅट त्या फुगलेल्या आकड्यावर लागतो. मला विचाराल तर हे सूत्र २०१४ च्या सूत्रापेक्षा बरं आहे, निदान घरच्या माणसाला पुढच्या सहा महिन्यांचा अंदाज येतो. पण याला बाजारभाव म्हणू नये. बाजाराचे कपडे घातलेला हा सरकारी भाव आहे, आणि त्याची किंमत ओएनजीसी मोजते, म्हणजे फिरून आपणच.

हे छतही स्थिर नाही. दोन वर्षं ६.५० आणि मग दरवर्षी पाव डॉलर वाढ, असं ठरलेलं होतं, त्याप्रमाणे एप्रिल २०२५ पासून ते ६.७५ झालं. शिवाय जुन्या क्षेत्रांचा गॅस दरवर्षी कमी होत चाललाय, बॉम्बे हायने पन्नाशी ओलांडली. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२४ मध्ये शहरांचा स्वस्त गॅसचा वाटा कापला तेव्हा झळ सीएनजीला बसली, स्वयंपाकघराला वगळलं, कारण स्वयंपाकघर मुळात जाळतंच किती. आणि त्याच जुन्या क्षेत्रांत नव्याने खणलेल्या विहिरींच्या गॅसला २०२४ पासून वेगळा भाव आहे, क्रूडच्या १२ टक्के, तोही छताशिवाय. क्रूड ७० डॉलर धरलं तर तो ८.४० पडतो. २०२५ च्या छताच्या ६.७५ पेक्षा १.६५ डॉलर जास्त, ८५ रुपयांच्या डॉलरने युनिटला साडेपाच रुपये. तुमच्या नळात जुन्या विहिरीचा गॅस किती आणि नव्या विहिरीचा किती, हे बिलावर छापत नाहीत.